नेइग्वान (पीसी ६): मनगटावरचा हा बिंदू मळमळ आणि उलटीवर कितपत उपयोगी पडतो?

सांजवेळ यांचा प्रश्न

माझ्या मावशींच्या पित्ताशयात खडे झाले असून पुढच्या महिन्यात त्यांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यांना शस्त्रक्रियेपेक्षा धास्ती आहे ती नंतरच्या उलट्यांची. काही वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर भूल उतरताच त्यांना जी मळमळ सुरू झाली, ती दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली नव्हती, आणि टाके ताजे असताना प्रत्येक ओकारीबरोबर उठणारी कळ त्या अजून विसरलेल्या नाहीत. एरवीही त्यांना गाडी लागते, आणि घाटाचा रस्ता असेल तर त्या प्रवासच टाळतात.

अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या आमच्या परिचयातील एका बाईंनी सांगितले की, मनगटाच्या आतल्या बाजूला नेइग्वान नावाचा बिंदू आहे आणि तेथे सुई टोचली, अंगठ्याने दाब दिला किंवा मणी बसवलेला पट्टा बांधला तरी मळमळ आटोक्यात राहते. याच बिंदूवर छातीतील धडधड, झोप न लागणे आणि जीव घाबरा होणे यांवरही उपचार करतात, असे त्या म्हणाल्या. एकाच जागेचे इतके वेगवेगळे उपयोग ऐकल्यावर मन साशंक होते, पण नीट माहिती न घेता ही गोष्ट झटकून टाकावी असेही वाटत नाही.

हा बिंदू नेमका कोठे असतो, चिनी वैद्यक त्याच्याकडे कसे पाहते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर त्याचा उपयोग होतो असे कोणी पद्धतशीर तपासून पाहिले आहे का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.


सूक्ष्मसूची यांचे उत्तर

मी अ‍ॅक्युपंक्चर शिकले असून अनेक वर्षे हेच काम करते आहे, त्यामुळे जागा आणि पारंपरिक विचार यांविषयी लिहिते. आधुनिक चाचण्यांविषयी एखाद्या भूलतज्ज्ञाने लिहिणे अधिक योग्य होईल.

प्रथम जागा, कारण तीच चुकली तर पुढच्या सगळ्या चर्चेला अर्थ राहत नाही. तळहात वर येईल असा हात टेबलावर सैल ठेवावा. मनगटावरच्या आडव्या घडीपासून कोपराच्या दिशेने दोन त्सुन अंतरावर, हाताच्या मधोमध दिसणाऱ्या दोन कंडरांच्या बेचक्यात हा बिंदू असतो. त्सुन हे ज्याच्या त्याच्या शरीरावरून काढायचे माप आहे. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंतची लांबी, माणूस उंच असो वा ठेंगणा, बारा त्सुन धरली जाते, म्हणून दोन त्सुन म्हणजे त्या लांबीचा सहावा भाग. घरी मोजताना तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे जुळवून मनगटाच्या घडीवर आडवी ठेवली की तर्जनीची कड जेथे येते, त्या ओळीत हा बिंदू मिळतो. मात्र ही बोटे ज्याच्यावर उपचार करायचे त्याचीच असावीत. धिप्पाड पुतण्याने स्वतःच्या बोटांनी मावशींच्या हातावर मोजले तर जागा सहज एक त्सुनने वर सरकते, आणि तेथे ज्यानशी नावाचा निराळा बिंदू आहे. मूठ हलकेच आवळून मनगट किंचित आत वळवले की दोन्ही कंडरा उठून दिसतात.

आता पारंपरिक विचार. चिनी वैद्यकात शरीरातून वाहणाऱ्या ‘छी’ या प्राणशक्तीचे बारा मुख्य मार्ग मानले आहेत आणि त्यांपैकी एक हृदयावरणाचा आहे. तो छातीत सुरू होतो, काखेजवळून दंडाच्या आणि पुढच्या हाताच्या आतील बाजूने मधोमध उतरतो आणि मधल्या बोटाच्या टोकाशी संपतो. त्यावर नऊ बिंदू आहेत आणि नेइग्वान हा त्यांतला सहावा, म्हणून आंतरराष्ट्रीय संकेतात त्याला पीसी ६ म्हणतात (पीसी म्हणजे पेरिकार्डियम, अर्थात हृदयावरण). आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, याच मार्गाची एक आतली शाखा छातीतून खाली श्वासपटल भेदून जाते आणि धडाचे वरचा, मधला व खालचा असे जे तीन विभाग कल्पिले आहेत, त्या तिन्हींना जोडते. जठर मधल्या विभागात येते. म्हणूनच मनगटावरचा एक बिंदू एकीकडे हृदयाचा आणि दुसरीकडे पोटाचा मानला गेला. आपल्याला जे उपयोग विसंगत वाटले, ते त्या शास्त्राच्या आत एकाच वाटेवरचे आहेत.

उलटीविषयीची कल्पना साधी आहे. जठराच्या छीची स्वाभाविक गती खालच्या दिशेने असते. ती उलटी फिरून वर चढू लागली की मळमळ, ओकारी, उचकी आणि ढेकर ही लक्षणे दिसतात. नेइग्वान छातीतील कोंडलेपण मोकळे करतो आणि वर चढणारी छी खाली वळवतो, असे मानतात. या मार्गाचा मनाशीही संबंध आहे. चिनी विचारात हृदय हे ‘शेन’चे, म्हणजे चित्ताचे घर असून हृदयावरण त्याचा राखणदार आहे, त्यामुळे अस्वस्थता, भीतीने होणारी धडधड आणि न लागणारी झोप यांवरही हा बिंदू निवडला जातो. शस्त्रक्रियेआधी मावशींना जी धास्ती वाटते आहे आणि नंतर जी मळमळ होते, त्या दोहोंसाठी एखादा चिनी वैद्य हाच बिंदू घेईल.

प्राचीन आधार म्हणाल, तर ‘लिंगशू’ या ग्रंथाच्या मार्गांविषयीच्या दहाव्या प्रकरणात हा बिंदू मनगटापासून दोन त्सुनांवर सांगितलेला आहे. तेथे तो हृदयावरणाच्या मार्गाला त्याच्या जोडीदार मार्गाशी, म्हणजे हाताच्या पाठच्या बाजूने जाणाऱ्या सानज्याओ (धडाच्या वर सांगितलेल्या तीन विभागांच्या) मार्गाशी, सांधणारा बिंदू म्हणून येतो, आणि त्याच्या संदर्भात हृदयाच्या दुखण्याचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात दोउ हान्छिंग या वैद्याने आठ विशेष मार्ग उघडणाऱ्या आठ बिंदूंची पद्धत प्रचारात आणली, त्यात नेइग्वान हा यिनवेई मार्गाचा बिंदू ठरला आणि पायावरच्या गोंगसुन बिंदूशी त्याची जोडी जमली. हृदय, छाती आणि जठर या तिन्हींच्या तक्रारींवर ही जोडी आजही वापरात आहे. पुढे कवनांतून पाठ करायच्या प्रमुख बिंदूंच्या यादीत ‘हृदय आणि छातीसाठी नेइग्वान शोधा’ अशी ओळ आली आणि चीनमधला प्रत्येक विद्यार्थी ती आजही म्हणतो.

प्रत्यक्षात हा बिंदू एकटा क्वचितच घेतला जातो. उलटीसाठी त्याच्याबरोबर गुडघ्याखालचा झूसानली आणि बेंबीच्या चार त्सुन वरचा झोंगवान हे बिंदू घेतात, तर झोपेसाठी मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला असलेला शनमन. आपल्या मावशींच्या शस्त्रक्रियेचे छेद पोटावरच असणार, त्यामुळे झोंगवानचा विचार येथे करूच नये.

एक सूचना आग्रहाने करते. या बिंदूच्या नेमकी खाली मीडियन नर्व्ह, म्हणजे हाताच्या मधोमध उतरणारी चेता आहे. सुई खोल गेली तर मधल्या बोटापर्यंत विजेचा झटका बसल्यासारखी झिणझिणी जाते, आणि अशा वेळी सुई लगेच मागे घ्यावी लागते. म्हणून येथे सुई टोचण्याचे काम प्रशिक्षित हातांनीच आणि एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुईनेच व्हायला हवे. दाब मात्र कोणीही देऊ शकते. अंगठा बिंदूवर ठेवून, उरलेल्या बोटांनी हाताच्या मागून आधार घेऊन, दोन-तीन मिनिटे स्थिर पण सोसवेल असा दाब द्यावा आणि हवे असल्यास अंगठा जागच्या जागी हलकेच फिरवावा. नंतर दुसऱ्या हातावर तसेच करावे.


भूलघर यांचे उत्तर

मी भूलतज्ज्ञ आहे. आपल्या प्रश्नाचा तिसरा भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे आणि त्याचे उत्तर दिलासा देणारे आहे.

आधी मावशींना धोका किती, ते पाहू. शस्त्रक्रियेनंतर मळमळ-उलटी कोणाला होईल याचा अंदाज बांधण्यासाठी आम्ही चार साध्या गोष्टी विचारतो: रुग्ण स्त्री आहे का, ती धूम्रपान करत नाही ना, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर उलट्या झाल्या होत्या का किंवा गाडी लागते का, आणि शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी अफूवर्गातील औषधे लागणार आहेत का. धूम्रपान न करणाऱ्यांना त्रास अधिक होतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते, पण ते खरे आहे. यांपैकी एकही गोष्ट लागू नसेल तर त्रासाची शक्यता शेकडा दहाच्या आसपास असते, तीन लागू असतील तर साठच्या आसपास आणि चारही असतील तर जवळजवळ ऐंशी. मावशी धूम्रपान करत नसतील असे धरले, तर त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी आत्ताच लागू आहेत. त्यांची धास्ती मनाचा खेळ म्हणून सोडून देण्याजोगी मुळीच नाही, आणि ही माहिती त्यांच्या भूलतज्ज्ञाला शस्त्रक्रियेच्या बऱ्याच आधी मिळायला हवी.

आता बिंदूविषयी. पाश्चात्त्य भूलशास्त्रात नेइग्वानचा गांभीर्याने विचार सुरू झाला तो बेलफास्टमधील प्राध्यापक जॉन डंडी यांच्यामुळे. ते भूलशास्त्रातले नावाजलेले संशोधक होते, आणि १९८६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या बिंदूचा उलटीविरोधी परिणाम दाखवणारे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या पुढच्या कामातला एक प्रयोग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. १९९१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले की, बिंदूच्या जागी आधी बधिर करणारे औषध टोचले तर नेइग्वानचा उलटीविरोधी परिणाम नाहीसा होतो. याचा अर्थ असा की, संदेश तेथील चेतातंतूंवाटे वर जात असला पाहिजे. वर उल्लेख आलेली मीडियन नर्व्ह त्या जागी आहेच. छीची कल्पना मान्य असो वा नसो, त्या जागेतून मेंदूकडे काहीतरी पोहोचते आणि ते थांबवले की परिणामही थांबतो, एवढे या प्रयोगातून कळते.

१९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अ‍ॅक्युपंक्चरविषयी तज्ज्ञांची सहमती परिषद भरवली. अनेक दुखण्यांबाबत या परिषदेने हात आखडता घेतला, पण प्रौढांमधील शस्त्रक्रियेनंतरची आणि केमोथेरपीनंतरची मळमळ-उलटी व दातांच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना यांबाबत आशादायक निष्कर्ष असल्याचे तिने नमूद केले.

सर्वांत व्यापक आढावा २०१५ चा आहे. कॉक्रन या संस्थेच्या त्या आढाव्यात ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण आहेत. सुई, विजेची सौम्य चेतना, दाब, मण्याचा पट्टा अशा सर्व मार्गांनी या बिंदूला दिलेली चेतना त्यात एकत्र तपासली आहे. खोट्या उपचाराच्या, म्हणजे चुकीच्या जागी किंवा दाबाशिवाय केलेल्या उपचाराच्या तुलनेत, मळमळीचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी, उलटीचे सुमारे ४० टक्क्यांनी आणि जादा औषध देण्याची गरज सुमारे ३६ टक्क्यांनी कमी आढळली. या टक्केवारीचा अर्थ नीट समजून घ्यावा. शंभर रुग्णांपैकी चाळीस जणांना मळमळ होणार असेल, तर या उपचाराने ती सत्तावीस जणांना होईल. म्हणजे बऱ्याच जणांची सुटका होते, सर्वांची होत नाही. उलटीविरोधी औषधांशी थेट तुलना केली तेव्हा दोहोंत ठळक फरक आढळला नाही, आणि औषध व बिंदू दोन्ही वापरले तेव्हा केवळ औषधाच्या तुलनेत उलट्या घटल्या, मळमळ मात्र घटली नाही. दुष्परिणाम किरकोळ होते.

या आढाव्याची मर्यादाही त्याच्या लेखकांनीच सांगितली आहे. खोट्या उपचाराशी केलेल्या तुलनेच्या पुराव्याचा दर्जा त्यांनी कमी ठरवला, कारण अनेक चाचण्यांची आखणी सदोष होती आणि निष्कर्ष एकमेकांशी पुरेसे जुळत नव्हते. आपल्याला खरा पट्टा बांधला आहे की खोटा, हे रुग्णाला कळू न देणे मुळातच अवघड असते. तरीही औषधांशी केलेल्या तुलनेचा पुरावा मध्यम दर्जाचा आहे, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, या त्रासाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही या बिंदूला स्थान आहे. इतक्या स्वस्त आणि निरुपद्रवी उपायासाठी एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो. माझा आग्रह एवढाच की, जास्त धोका असलेल्या रुग्णाला हा उपाय औषधांच्या जोडीने द्यावा. मावशींना ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन यांसारखी औषधे, शक्य तेथे अफूवर्गातील औषधांचा कमी वापर आणि त्याबरोबर मनगटावरचा पट्टा, अशी आखणी मी करेन.

वेळेचाही प्रश्न आहे. रुग्णाला पूर्ण भूल दिल्यावर सुई टोचलेल्या सुरुवातीच्या काही चाचण्यांत परिणाम दिसला नव्हता, आणि त्यावरून भूल देण्यापूर्वी चेतना सुरू करावी, असे मत पुढे आले. त्यावर सर्वांचे एकमत नाही, पण पट्टा आधी बांधण्यात अडचण कसलीच नसल्यामुळे मी तो आधीच बांधायला सांगतो.

शस्त्रक्रियेबाहेरच्या मळमळीबाबत मात्र चित्र इतके स्वच्छ नाही, आणि एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे लावण्याचा मोह टाळायला हवा. केमोथेरपीच्या रुग्णांमध्ये सुईतून दिलेल्या विद्युत चेतनेने पहिल्या दिवसाच्या उलट्या कमी झाल्याचे आढळले आहे. पण ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ५०० रुग्णांच्या चाचणीत खरा पट्टा, खोटा पट्टा आणि केवळ नेहमीची औषधे या तीन गटांत सांख्यिकीय दृष्ट्या ठळक फरक दिसला नाही. गरोदरपणातील मळमळीबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. गाडी लागण्याबाबतही तेच. प्रयोगशाळेतील काही अभ्यासांत फायदा आढळला, तर काहींत अजिबात नाही. घाटाच्या प्रवासात पट्टा बांधून पाहायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर नेहमीची गोळी घरी ठेवू नये.


टिपणवही यांचे उत्तर

मी वैद्यकातला नाही, पण ही चिकित्सा भारतात कशी आली याविषयी थोडे वाचले आहे, आणि त्यात मराठी वाचकांना जवळची एक गोष्ट आहे. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच बंगालमधले डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. बसू मायदेशी परतले, १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, तेथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. आपल्या देशात या चिकित्सेची रीतसर सुरुवात त्यांच्यापासून मानली जाते. ज्या सहकाऱ्याची समाधी चीनमध्ये आहे, त्याच्या नावाने स्थापन झालेल्या समितीच्या कामातूनच ही विद्या भारतभर शिकवली गेली, हे सोलापूरकरांनाही फारसे माहीत नसते.

व्यावहारिक मुद्दा असा की, केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे, आणि महाराष्ट्रात तर या चिकित्सेसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. त्यामुळे मावशींना सुईचाच उपचार घ्यायचा असेल, तर उपचार करणाऱ्या व्यक्तीची नोंदणी आहे का, हे संकोच न करता विचारावे.


सांजवेळ यांचे पुन्हा विचारणे

तिन्ही उत्तरे मी मावशींना वाचून दाखवली आणि त्यांनी ती अतिशय लक्षपूर्वक ऐकली. त्या धूम्रपान करत नाहीत, तेव्हा तीन गोष्टी लागू आहेतच. सांगितल्याप्रमाणे जागा शोधायला गेलो तेव्हा दोन अडचणी पुढे आल्या. त्यांच्या उजव्या हातावर मूठ आवळल्यावर दोन कंडरा स्पष्ट दिसतात, पण डाव्या हातावर एकच दिसते, मग तेथे ‘बेचक्यात’ म्हणजे नेमके कोठे? शिवाय सलाईनची सुई हाताला लावणार, तेव्हा पट्टा कोणत्या हाताला बांधायचा?

आणखी एक गोष्ट त्यांनी आजच सांगितली. गेले काही महिने जिना चढताना त्यांना छातीत दडपल्यासारखे होते आणि थोडे थांबले की बरे वाटते. आमच्या परिचयातल्या त्या बाई हृदयासाठीही हाच बिंदू सांगत होत्या, म्हणून मावशींचे म्हणणे असे की शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे सुयांचा उपचार घ्यावा, म्हणजे दोन्ही कामे होतील. हे योग्य ठरेल का?


सूक्ष्मसूची यांचे उत्तर

डाव्या हाताविषयी काळजीचे कारण नाही. मधली कंडरा ज्या स्नायूची असते, तो पामारिस लाँगस नावाचा स्नायू बऱ्याच माणसांमध्ये एका किंवा दोन्ही हातांत जन्मतःच नसतो, आणि त्याच्या अभावी हाताच्या कामात काही कमीही पडत नाही. अंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवून मनगट आत वळवल्यावरही मधोमध कंडरा उठली नाही, तर ती नाही असे समजावे. अशा हातावर जी एक कंडरा दिसते ती अंगठ्याच्या बाजूची असते, आणि नेइग्वान तिच्या करंगळीकडच्या कडेला लागून, त्याच दोन त्सुनांच्या ओळीत घ्यायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने बिंदूंच्या स्थानांचे जे प्रमाणीकरण केले आहे, त्यातही अशा हातासाठी हीच सूचना आहे. बोटाने दाबून पाहिल्यावर तेथे किंचित बोथट दुखरेपणा किंवा जडपणा जाणवला तर जागा बरोबर आहे. मधल्या बोटात झिणझिण्या आल्या तर दाब अधिक होतो आहे, तो कमी करावा.

छातीतल्या दडपणाबाबत माझे उत्तर स्पष्ट आहे. हृदयरोगतज्ज्ञाने तपासल्याशिवाय मी या रुग्णाला सुई लावणार नाही, आणि कोणत्याही जबाबदार सहव्यावसायिकानेही लावू नये. ‘हृदय आणि छातीसाठी नेइग्वान’ ही ओळ ज्या काळातली आहे, त्या काळी वैद्यापाशी हृदयाचा आलेख नव्हता. आज तो गल्लोगल्ली निघतो. परंपरेचा मान राखायचा असेल तर तिच्याजवळ नसलेले साधन हाताशी असताना ते वापरलेच पाहिजे.


भूलघर यांचे उत्तर

वरच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे, आणि हे उत्तर वाचताच कृती करावी, असे कळकळीने सांगतो. चढताना छातीत दडपण येणे आणि थांबल्यावर ते जाणे, हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. पित्ताशयाच्या खड्यांनीही वरच्या पोटात आणि छातीत दुखते, पण ते सहसा श्रमाशी असे बांधलेले नसते. शस्त्रक्रियेची तारीख जवळ असली तरी आधी हृदयाची तपासणी व्हायला हवी, आणि भूलतज्ज्ञाला हे आजच कळायला हवे. दडपण विश्रांतीतही आले, थांबल्यावर गेले नाही, किंवा त्याबरोबर घाम, धाप वा डाव्या हातात कळ आली, तर कोणताही बिंदू दाबत न बसता मावशींना थेट रुग्णालयात न्यावे.

नेइग्वानच्या हृदयाविषयीच्या उपयोगाला आधुनिक आधार अजिबात नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. चेंगदू येथील पारंपरिक चिनी वैद्यक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली स्थिर अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या छातीदुखीच्या, ४०४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. त्यात नेइग्वान आणि हृदयमार्गावरचा थोंगली या दोन बिंदूंवर चार आठवड्यांत बारा वेळा सुया लावलेल्या गटात छातीदुखीचे झटके इतर गटांपेक्षा, म्हणजे खोट्या सुया लावलेल्या आणि दुसऱ्याच मार्गावरचे बिंदू घेतलेल्या गटांपेक्षाही, अधिक प्रमाणात कमी झाले. पण त्या सर्व रुग्णांचे निदान आधी झालेले होते आणि त्यांची हृदयाची औषधे चालू होती. मावशींचे निदान अजून व्हायचे आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी पाहिल्यावर, त्यांच्या संमतीने आणि औषधांच्या जोडीला कोणी हा उपचार घेतला तर माझी हरकत नाही. रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले तर सुई लावणाऱ्याला ते सांगावे, आणि पेसमेकर बसवावा लागला तर सुयांतून वीज देण्याचा प्रकार टाळावा.

आता पट्टा. सलाईन बहुधा डाव्या हाताला लावतात, कारण उजवा हात रुग्णाला मोकळा हवा असतो. पट्टा दुसऱ्या हाताला बांधावा. अनेक चाचण्यांत एकाच हातावर चेतना दिलेली होती, त्यामुळे दोन्ही मनगटे हवीत असा हट्ट नको. मावशींच्या उजव्या हातावर दोन्ही कंडरा दिसत असल्याने तोच हात सोयीचा आहे. एकच लक्षात ठेवावे की, रक्तदाब मोजायचा पट्टा त्याच दंडाला असेल तर तो फुगताना मनगटाखाली रक्त साचते आणि मण्याचा दाब वाढतो, म्हणून मनगटावरचा पट्टा सैलसर असावा. मण्याची जागा आदल्या रात्री पेनाने खूण करून ठेवावी, कारण शस्त्रक्रियेच्या सकाळच्या घाईत ती हमखास चुकते. भूल देण्यापूर्वी साधारण अर्धा तास आधी तो बांधावा, आणि तो कशासाठी आहे हे वॉर्डातील व शस्त्रक्रियाकक्षातील परिचारिकांना सांगून ठेवावे, नाहीतर दागिने उतरवताना तोही उतरवला जाईल. शस्त्रक्रियेनंतर तो पहिला दिवसभर ठेवता येतो. अधूनमधून काढून त्वचा पाहावी, आणि बोटे सुजली, निळसर झाली किंवा बधिर वाटली तर लगेच सोडावा. मळमळ सुरू झालीच तर पट्टा आहे म्हणून सोसत राहू नये. परिचारिकेला सांगून औषध मागून घ्यावे आणि ते येईपर्यंत कोणीतरी मावशींच्या मनगटावर अंगठ्याने दाब देत बसावे.